पुलाच्या आतलं बंदर

मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या क्लबात शनिवारी हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा लॉन बोल्सचा खेळ आटोपला, की कुणी ना कुणी बिअरचा ग्लास घेऊन लिंडसे ट्रेलोअरच्या टेबलाशी येऊन बसायचं. क्रूझला जायचंय, तर जहाज कुठल्या शहरातून पकडावं, हे लिंडसेला विचारायचं असा तिथला रिवाजच पडला होता. माणूस उभा जन्म शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करत आलेला. कुठल्याही गोष्टीचे सुटे भाग करून पाहायची त्याला सवय होती.

"ब्रिस्बेनचं टर्मिनल नवं, ऐसपैस," तो सांगायचा. "पण गावापासून लांब. ना ट्रेन, ना साधी बस. फ्रीमँटलला स्टेशनावर उतरलं की चार पावलांवर जहाज, पण त्यासाठी आधी विमानानं पर्थ गाठा. ॲडलेड शांत. गर्दी नाही, कटकट नाही, पण जहाजंही मोजकीच. मेलबर्न मात्र नको. खाडीच्या तोंडाशी समुद्र असा उसळतो, की सूप वाडग्यात ठरत नाही."

"आणि सिडनी?"

"सिडनीला तोड नाही. पण ऑपेरा हाउसजवळचा धक्का असेल तरच. व्हाइट बेचा धक्का असेल तर दुसरं जहाज बघा."

"का रे? व्हाइट बेला मगरी आहेत काय?" मर्व हॉकिंगनं एकदा विचारलं. मर्व प्लंबर, लिंडसेचा शाळेपासूनचा दोस्त.

"जागा नीट नाही," लिंडसे ग्लासाकडे बघत म्हणाला.

"आणि तू स्वतः किती वेळा गेलायस, ॲडमिरल?"

टेबल हसलं. लिंडसेही हसला. तो आजवर एकाही जहाजात चढला नव्हता. शेजारी बसलेली त्याची बायको रेलीन तेवढी हसली नाही. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला आणि पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागली.

खरं सांगायचं तर लिंडसे बंदरांची तुलना करतच नव्हता. तो पुलांची तुलना करत होता. वेरिबीहून मेलबर्नच्या बंदराकडे जाणारा सरळ रस्ता वेस्ट गेट पुलावरून जातो. सिडनीतला ऑपेरा हाउसजवळचा धक्का बंदरावरच्या मोठ्या पुलाच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला आहे. व्हाइट बे पुलाच्या आत. तिथून निघालेल्या जहाजाला बाहेर पडायचं तर त्या पुलाखालून जावंच लागतं. एवढंच त्याचं शास्त्र होतं.

वेस्ट गेट बांधत होते तेव्हा लिंडसे अकरा वर्षांचा होता, पुलाजवळच्याच स्पॉट्सवुडच्या शाळेत. १९७० चा ऑक्टोबर. जेवणाची सुट्टी व्हायच्या थोडं आधी असा आवाज झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. बांधकाम चालू असलेल्या पुलाचा एक गाळा खाली आला होता. खाली कामगारांच्या टपऱ्या होत्या. बरीच माणसं तिथं डबे उघडून बसली होती. पस्तीस माणसं गेली. लिंडसेचा बाप, क्लेम, तिथंच फिटर होता. बोल्ट आणायला त्याला कोठारात पाठवलं होतं म्हणून तो वाचला. संध्याकाळी तो गळ्यापर्यंत चिखलानं माखून घरी आला, अंगणातल्या नळाखाली बसला आणि मुलाला म्हणाला, "पूल आधी बोलतो रे. कुरकुरतो. त्यांनी ऐकलं होतं, तरी आत बसून राहिले."

पुढं त्यानं त्या दिवसाचा विषय काढला नाही. लिंडसेनंही काढला नाही. पण तेव्हापासून कुठलाही पूल आला की तो गाडीची काच खाली करून कान लावायचा. आणि वेस्ट गेटवर, किंवा वेस्ट गेटखाली, तो कधीही गेला नाही. मुलीच्या, कर्स्टीच्या वेळेस रेलीनला कळा सुरू झाल्या, हॉस्पिटल नदीपलीकडे होतं, तरी ह्यानं गाडी फुट्सक्रेच्या गल्ल्यांतून फिरवून नेली. कर्स्टी रस्त्यातच व्हायची, थोडक्यात निभावलं. रेलीननं त्या दिवशीही "का" म्हणून विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. ठाऊक आहे हे तिनं त्याला कळू दिलं नाही, इतकंच.

त्या शनिवारी घरी जाताना गाडी तीच चालवत होती.

"मी बुकिंग केलंय," ती म्हणाली.

"कसलं?"

"जहाजाचं. नूमेया आणि आसपासची बेटं. सिडनीहून. तुझं व्याख्यान मला पाठ आहे, धक्का ऑपेरा हाउसजवळचाच आहे."

लिंडसे तिच्याकडे वळला. "जहाज कुठलं?"

तिनं नाव सांगितलं. मध्यम आकाराचं जहाज होतं. ते पुलाखाली मावत होतं, हे लिंडसेला न बघताही माहीत होतं. जी जहाजं पुलापेक्षा उंच असतात त्यांना आत जाताच येत नाही, म्हणून बाहेरचा धक्का आधी त्यांना मिळतो. मावणाऱ्या जहाजाला ऐनवेळी आत ढकलू शकतात.

"त्यापेक्षा मोठं घेऊ या का?" तो शक्य तितक्या सहज म्हणाला. "मोठं जहाज हलत नाही."

"मोठ्या जहाजावर पाच हजार माणसं असतात. अंड्यासाठीसुद्धा रांग. मला नको."

"मग ॲडलेड—"

"लिन्," ती म्हणाली, "तू बंदरं तोलत बसलास आणि इकडे माझे गुडघे गेले. हिवाळ्यात ऑपरेशन आहे. त्याच्या आधी मला डेकवर माझ्या पायांनी उभं राहायचंय. तू ये. नाही आलास तरी मी जाणार आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. त्याचीच लिंडसेला जास्त धास्ती वाटली.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी, चहा व्हायच्या आधी, कॉम्प्युटरवर सिडनी बंदराचं वेळापत्रक उघडायचा. जहाजाचं नाव, तारीख, धक्का. रोज सगळं जागच्या जागी असायचं, तरी तो दोनदा वाचायचा. निघायला आठवडा उरला आणि एका सकाळी धक्क्याच्या रकान्यात व्हाइट बे लिहिलेलं दिसलं. बाहेरच्या धक्क्याला दुसरंच जहाज आलं होतं. एक उंच जहाज.

तो खुर्चीत बसून राहिला. तिला सांगितलं तर "मी येत नाही" हेही त्याच दमात सांगावं लागणार होतं. मग ती एकटी जाणार होती. त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि चहा टाकला.

"काय म्हणतंय सिडनी?" रेलीननं स्वयंपाकघरात येत विचारलं.

"काही नाही. ऊन आहे."

"बरं," ती म्हणाली. मग टोस्टला लोणी लावायला लागली.

ह्यूम महामार्गानं ते निघाले. ऑल्बरीला मरी नदीचा पूल आला तेव्हा लिंडसेनं काच खाली केली. गाडीत थंड वारा घुसला. रेलीननं शाल ओढून घेतली. गोलबर्नच्या पुढं रस्ता उतरायला लागला तसा त्याचा वेग कमी कमी होत गेला. मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला.

"हा आपल्याला ढकलतच नेणार बहुतेक," रेलीन म्हणाली.

"घाई काय आहे?"

"घाई नाही. जहाज थांबत नाही, एवढंच."

सिडनीच्या ॲशफील्ड उपनगरात तिच्या चुलत बहिणीकडे गाडी ठेवून दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅक्सी बोलावली. लिंडसे सामान डिकीत ठेवत होता. ड्रायव्हरला कुठं न्यायचं ते सांगावं लागणार आणि सगळं उघड होणार, ह्या विचारानं तो एकच बॅग पुन्हा पुन्हा सरकवत होता. तो आत बसला. तेवढ्यात रेलीन ड्रायव्हरला म्हणाली, "व्हाइट बे. क्रूझ टर्मिनल."

लिंडसेनं मान वळवली.

"मलाही मेसेज येतात, लिन्."

"कधी आला?"

"तुला ऊन दिसलं त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"गोलबर्नहून तू गाडी मागं फिरवली असतीस." तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "आणि तू का नाही बोललास?"

ड्रायव्हरनं आरशातून दोघांकडे पाहिलं आणि रेडिओचा आवाज कमी केला.

व्हाइट बेला जुन्या वीजकेंद्राच्या धुराड्यांमागून वळण घेतलं आणि जहाज दिसलं. त्याच्याही पलीकडे, छपरांच्या वर, पुलाची कमान. लिंडसेनं नजर जमिनीवर ठेवली. रांगेत तो पुढच्या माणसाचे बूट बघत राहिला. कागद तपासणारी मुलगी हसरी होती.

"तुम्ही नशीबवान आहात हं! पुलाखालून जाणार. सगळे वर जातात बघायला. जहाजाचं धुराडं आपटणार असंच वाटतं!"

"आपटत नाही ना?" लिंडसेनं विचारलं.

मुलगी खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

केबिन आतली होती, बिनखिडकीची. तीच लिंडसेनं मुद्दाम मागून घेतली होती. संकटकाळची कवायत झाली, जॅकेटं दाखवून झाली, आणि दुपार कलताना पायांखाली एक बारीक थरथर सुरू झाली.

"मी खाली थांबतो," तो पलंगाच्या कडेला बसत म्हणाला.

रेलीननं टोपी घातली. "ठीक आहे," ती म्हणाली. मग एकेक पाय सांभाळत ती गेली.

भिंतीतल्या स्पीकरमधून कप्तानाचा आवाज आला. थोड्याच वेळात आपण पुलाखालून जाऊ, दिसायला अंतर फार कमी दिसेल, कुणी घाबरू नये, जागा पुरेशी आहे. मग सनईसारखं काही वाजलं आणि शांतता झाली.

लिंडसेनं खोलीकडे पाहिलं. चार भिंती, एक बाक, खाली बसलेला माणूस आणि वर येऊ घातलेला पूल. त्यानं सुरक्षित म्हणून निवडलेली ही जागा कसली आहे ते त्याला तेव्हा कळलं. ही ती टपरी होती. डबे उघडून माणसं बसली होती ती. आणि रेलीन वर होती, त्याच पुलाखाली, एकटी, वाकत नसलेल्या गुडघ्यांवर.

तो उठला तो दार उघडं टाकूनच. लिफ्टपाशी माणसांचा घोळका. त्यानं जिना धरला. एक मजला, आणखी एक. छातीत भाता चालायला लागला, कठड्याला धरलेला हात घसरत होता. जिन्यात कुणी नव्हतं. सगळं जहाज वर गेलं होतं.

डेकचं दार ढकलून तो बाहेर आला आणि समोर पूल होता. चित्रात असतो तसा नव्हे. आकाशाचा एक तुकडाच लोखंडाचा झाला होता आणि तो त्यांच्याकडे येत होता. लोक फोन उंचावून उभे होते. सगळ्यांची तोंडं पुलाकडे. एकटीच बाई पुलाकडे पाठ करून, कठड्याला टेकून, जिन्याच्या दाराकडे बघत उभी होती.

"आलास," रेलीन म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आत चल."

"आता कुठं आत जायचं? आता इथंच."

सावली जहाजाच्या नाकावर चढली. मग पुढच्या डेकवर. मग हवा गार झाली. लिंडसेनं कान दिला, आणि पूल बोलला. वरून खडखडाट सुरू झाला. लोखंडावर लोखंड, लांबून जवळ येत, डोक्यावर येऊन ठेपला. आगगाडी असणार, हे त्याच्या डोक्याला कळत होतं. अंगाला कळत नव्हतं. त्याच क्षणी धुराडं पुलाखाली शिरलं आणि डेकवरची माणसं गंमत म्हणून एकदम किंचाळली.

लिंडसेनं रेलीनला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि खाली ओढलं. ती गुडघ्यांवर आदळली, तो तिच्यावर वाकला, तिचं डोकं छातीशी दाबून धरलं आणि डोळे मिटले.

खडखडाट लांब गेला. पाठीवर ऊन आलं.

"काका, उभाच आहे हो पूल!" जवळचा एक तरुण हसत म्हणाला. मग लिंडसेचा चेहरा पाहून तो गप्प झाला, त्यानं वाट दिली आणि बायकोला घेऊन बाजूला सरकला.

दोघं डेकच्या लाकडावर बसून होती. रेलीनची टोपी कुठंतरी उडाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गुडघ्यांचं असेल, किंवा दुसऱ्या कशाचं.

"काय दिसलं तुला?" लिंडसेनं शेवटी विचारलं.

"तुझा शर्ट," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाट पाहिली, आणि दिसलं काय, तर दुसरं बटण तुटलेला तुझा शर्ट."

लोकांच्या पायांमधून ऑपेरा हाउसचा एक पांढरा तुकडा सरकत गेला. अलीकडच्या धक्क्याला ते उंच जहाज बांधलेलं होतं. त्यावरची माणसं हात हलवत होती. लिंडसेनं मान वळवून मागं पाहिलं. पूल होता तिथंच होता. त्याला बरं वाटलं नाही. जहाज आता जाणार होतं, बेटं फिरणार होतं आणि मग परत पुलाआतल्या त्याच धक्क्याला येणार होतं.

"नूमेयाहून विमान असतं का गं?" त्यानं विचारलं.

"असतं. मी बघून ठेवलंय," रेलीन म्हणाली. "मी जहाजानंच येणार. पहाटे शिरतं म्हणतात ते पुलाखाली. ह्या वेळी मी वर बघणार आहे, लिन्. तू तुझं ठरव."

त्यानं आधी दोन्ही हात तिच्या काखांत घातले, मग पाय फाकवून तोल धरला आणि तिला उठवायला लागला.

"हळू," ती म्हणाली. "डावा गुडघा आधी."