तोरणाखाली न बसलेला बैल

माझी एक कथा काही वर्षं मुंबईत अडकून पडली होती. कथा माझी, पुस्तकावर नाव माझं, पण ती चार माणसांत सांगायला बंदीही मलाच. बाकी कोणीही सांगू शकत होतं. धाडच्या बाजारात चहा पिताना लोक ती मलाच ऐकवायचे आणि मी चोरासारखा इकडेतिकडे बघत ऐकून घ्यायचो.

कथा पोळ्याची. आमच्याकडे तोरणाखालून आधी मानाचा बैल जातो, मग गावातल्या बाकीच्या जोड्या. त्याच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. माझ्या कथेतला मानाचा बैल नेमका तोरणाखाली येतो आणि खाली बसतो. उठतच नाही. मागे अख्खं गाव खोळंबलेलं, पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणून म्हणून घसे सुकलेले, घरी पुरणपोळ्या गार होतायत. एवढीच गोष्ट. पण ती मी गणपतीत सांगितली, शाळांच्या गॅदरिंगमध्ये सांगितली, एकदा तर साखरपुड्यात सांगितली, आणि नवरदेवाचा मामा हसता हसता खुर्चीवरून खाली आला.

मग मुंबईचा एक निर्माता आला. चित्रपटाचे हक्क आणि ‘सर्व प्रकारचे जाहीर सादरीकरण’ मी त्याला लिहून दिलं. वाचलं नाही, कारण मला पेढे वाटायची घाई होती. अट एवढीच, की मुदतीत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क माझे मला परत.

मुदत संपता संपता गावात निर्मात्याची एक गाडी आली. मी नेमका मेहकरला लग्नात. गाडीतून कॅमेरा उतरला, नारळ फुटला, शेजारच्या आबांचा बैल, गावचा मानाचा, तोरणाखाली उभा केला, आणि जेवणाच्या वेळेला गाडी निघूनही गेली. त्यानंतर तो सिनेमा कुठेच दिसला नाही. विचारलं तर उत्तर एकच: काम सुरू आहे. शेवटी जानेफळच्या गणेश मंडळात मला राहवलं नाही आणि मी बैल बसवला. कोणीतरी मोबाइलवर काढून जगभर पाठवलं. मला वकिलाची नोटीस आली. माझीच कथा मी चोरली म्हणून.

मग मीच बुलढाण्याच्या कोर्टात गेलो. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, त्या दिवशी खरं चित्रीकरण झालंच नाही, एवढं शाबीत झालं की कथा तुमची. साक्षीदार? आबा.

इथे मी घोळ केला. आबांनी तोवर पाहुण्यारावळ्यांत, खुद्द व्याह्यांपुढेही, बैल सिनेमात असल्याचं सांगून ठेवलं होतं. त्या बैलाला बघायला माणसं सुलतानपूरहून येत. आता भरल्या कोर्टात ‘काही झालं नाही’ म्हणायचं कसं? जीपमध्ये मी त्यांना धाडपासून बुलढाण्यापर्यंत पढवलं. ते प्रत्येक वाक्याला मान डोलावून ‘हाव, हाव’ म्हणत होते.

समोरच्या वकिलांनी विचारलं, शूटिंग झाली का?

“झाली ना साहेब. मोठी झाली.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मी छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता, त्याचाही उपयोग नव्हता. मग बाई उठल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “मग आबा, बैल छान बसला असेल.”

आबा लालबुंद झाले. “माहा बैल काऊन बसंल? तोरणाखाली बसला त मान जाते बाई. तो डायरेक्टर म्हने बसवा. मी म्हटलं, पिक्चर गेला खड्ड्यात, बैल बसनार नाई.”

निर्मात्यानेच मोठ्या हौसेने त्या दिवसाचं चित्रण पुराव्याला दिलं होतं. न्यायाधीशांनी ते लावायला सांगितलं. बैल उभा. मागून कोणीतरी ‘बसवा, बसवा’ ओरडतंय. बैल तोरणाखालून निघून सोयाबीनकडे चालू लागतो, मागे आबा, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान. न्यायाधीशांनी माझ्या पुस्तकातलं पान वाचलं, पडद्याकडे पाहिलं, परत पान वाचलं. शिरस्तेदार तोंडावर रुमाल धरून बसले होते.

निकाल आला: कथेतला प्रसंग चित्रित झालेला नाही, हक्क लेखकाकडे परत. मी पेढे आणले. पहिला पेढा आबांना दिला, तर तो हातात धरून ते म्हणाले, कोर्टानंच लिहून दिलं, बैल बसला नाही. आता कथेतही बसवशील तर तो कोर्टाचा अपमान. मी परोपरीनं समजावलं की कथेतला बैल वेगळा. ते म्हणाले, गावात मानाचा बैल एकच असतो.

आणि बैल बसला नाही तर माझ्या कथेत उरतं काय?

जानेफळच्या मंडळाने पुन्हा बोलावलं. मांडव भरलेला, पहिल्या रांगेत इस्त्रीची टोपी घालून आबा. सांगत सांगत मी तोरणापर्यंत आलो. लोक पुढे सरसावले. पुढचं त्यांना पाठ होतं. आबांनी माझ्यावर नजर रोखली. मी घोटभर पाणी प्यायलो आणि म्हणालो, बैल ताठ उभा राहिला. पण त्याचा मालक मटकन खाली बसला, आणि म्हणाला, माझ्या बैलाला आधी सगळ्या गावानं हात जोडावेत, तरच मी उठेन.

मांडव हसून लोळला. आबा मागे वळून त्या हसणाऱ्या तोंडांकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला हातानं खुणावलं, चालू दे. कार्यक्रम संपल्यावर मी भीत भीत विचारलं, राग आला का?

“मले काऊन राग येईन बे,” आबा म्हणाले. “पोळ्याच्या दिवशी मान बैलाचा असते. मानसानं कुठंबी बसावं.”