बारा गाड्या खडी

बारा गाड्या खडी लागेल हा माझा हिशेब अगदी बरोबर होता, आणि आमच्या घरात आजही तो कोणी चूक म्हणत नाही.

संस्थानी काळातली गोष्ट. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्करात राहत होतो (म्हणजे त्या नावाच्या वस्तीत; पलटणीत मला कोणी घेतलं नसतं). धाकट्या बहिणीला, कमलला, पाहायला मुलाचे वडील, भाऊसाहेब, मोटारीनं यायचे होते. त्यांचा गुडघा धरलेला, त्यामुळे मोटार थेट ओसरीशी लागायला हवी होती. आधीचं स्थळ आमच्या खड्ड्यांत टांगा कलंडून परत गेलं होतं.

"उद्या हेही गेलं तर पोरीला काय सांगू?" दादा म्हणाले. वडिलांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी ओव्हरसियरच्या परीक्षेला बसलेला (निकाल विचारू नका). ओसरीपर्यंतची वाट साठ फूट लांब, नऊ फूट रुंद, थर अर्धा फूट. म्हणजे दोनशे सत्तर घनफूट; गाडीला सत्तावीस धरले तर दहा गाड्या. शिवाय धुमसानं ठोकली की खडी बसते, म्हणून दोन जास्त. दादा प्रथमच माझ्याकडे कौतुकानं पाहू लागले!

मी नई सडकेवर रामदीन गाडीवाल्याला ऐटीत सांगितलं, "कल सुबह सात बजे, बारा गाडी खडी. हमारे दरवाजे के सामने."

"पूरी बारा, बाबूजी?"

"एक भी कम नहीं."

घरी येऊन मी सगळी वाट अर्धा फूट खणवली, वर पाणीही मारून घेतलं.

सकाळी दारात बारा गाड्या रांगेत उभ्या होत्या. रिकाम्या.

"माल कहाँ है?" मी एकेका गाडीत डोकावून विचारलं.

"कैसा माल? आपने कहा, बारा गाडी खडी. सात बजे से खडी हैं."

"अरे, खडी म्हणजे पत्थर!"

"तो गिट्टी कहते, बाबूजी."

दादांनी आधी चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गिट्टी भरून आणायला दुपार झाली असती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. बारा गाड्यांमुळे मोटारीला आत शिरायला जागाच नव्हती. कमल दाराआड रडू लागली आणि मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

भाऊसाहेब काच खाली करून सगळं बघत होते. मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी रिकाम्या गाड्या एकदा मोजल्या. मग म्हणाले, "गाड्या उभ्याच आहेत, तर एक इकडे आणा."

आणि भाऊसाहेब बैलगाडीतून, चिखल तुडवत, थेट ओसरीला लागले. चहा घेताना त्यांनी माझ्या हिशेबाचा कागद मागून तपासला. "हिशेब चोख आहे. मुलगी पसंत. फक्त लग्नात या मुलाला कुठं काही सांगायला पाठवू नका."

पाठवलं नाहीच. लग्नात मला एकच काम मिळालं, मांडवाच्या दारात खडं राहायचं. ते मात्र मी बारा गाड्यांच्या तोडीचं केलं.