टेप गुंडाळलेली काळी तार

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ असं म्हणायला जीभ अडखळते... मी म्हापशाच्या कॉलेजात फिजिक्स शिकतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे राखणदार (गावाची राखण करणारा देव), गाऱ्हाणं (त्याला मोठ्याने घातलेलं साकडं) हे शब्द मित्रांसमोर उच्चारायचीही मला लाज वाटायची. तरी गेल्या श्रावणात जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. जाणत्यांनी चूक दाखवावी.

डिचोलीत बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गोवा घटक राज्य झाल्यापासून आमच्या रस्त्यावर पाट्या मराठीत की कोंकणीत यावर भांडणं चालायची. बाबा त्यात नसायचे, कारण दुकानाला पाटीच नव्हती.

पार्शाच्या एका काजूबागायतदाराची जीप आमच्याकडे आली. तिला पुढे विंच होता – चिखलात अडकलेली गाडी पोलादी दोराने ओढून काढणारं विजेचं यंत्र. त्यासाठी दुसरी बॅटरी बसवायची होती. पहिली बॅटरी इंजिन सुरू करायला, दुसरी फक्त विंचला. मध्ये रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद पडलं की रिले त्यांना तोडतो. हे सगळं काम मी एकट्याने केलं. पहिल्यांदाच.

बाबांची एक रीत आहे. दुसऱ्या बॅटरीची काळी तार, जिच्याशिवाय त्या बॅटरीतून वीज वाहतच नाही, ती ते दुकानात कायमची जोडत नाहीत. चाचणी झाली की काढून टोकाला टेप गुंडाळतात. मग आमच्या गावच्या शिवेवर, राखणदाराच्या दगडापुढे रोट – म्हणजे जाड भाकरी – ठेवून गाऱ्हाणं घालायचं, आणि तिथेच ती शेवटची तार जोडायची. त्या दिवशी बाबांना ताप होता. केळीच्या पानात बांधलेला रोट त्यांनी माझ्या हातात दिला.

जीपचे ड्रायव्हर सगुणकाका, सावंतवाडीकडचे. वाटेत सारखे चिडवत होते. “एका बायलेक सांभाळताना माझे नाकी नऊ येतत, आणि तुम्ही गाडयेक दोन बॅटऱ्यो देतास!”

शिवेवर त्यांनी गाडी हळू केली. “रे झिला, रोट ठेवूचो आसा मा?”

दगडाजवळ बसची वाट बघत माझ्या वर्गातली दोन मुलं उभी होती. मी मान फिरवली. “येताना ठेवू, काका. उशीर होतोय.”

“तुका उशीर. तेका खंयचो उशीर?” असं पुटपुटत त्यांनी गियर टाकला. आणि रोटाबरोबर ती तारही माझ्या डोक्यातून गेली.

पार्शाला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. बागायतीच्या अलीकडे एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागतो. पाणी गुडघाभर दिसलं म्हणून काकांनी जीप घातली. मध्यावर इंजिन बंद पडलं. त्यांनी स्टार्टर फिरवून फिरवून पहिली बॅटरी पार उतरवली... हॉर्नसुद्धा वाजेना. चाकामागे दगड लावायला ते खाली उतरले, आणि जीप मागे सरकली. त्यांचा पाय चाक आणि खडक यांच्यामध्ये सापडला.

तेवढ्यात पाणी तांबड्या मातीने लाल झालं. वर डोंगरात पाऊस पडला असणार. बघता बघता ते काकांच्या कमरेला लागलं, मग छातीला.

मी विंचचा दोर ओढत काठावरच्या जांभळीपर्यंत गेलो, हूक अडकवला. परत जीपकडे धावलो, पण घाईत विंचचं बटण सापडेना. “देवा, देवा...”

“मेल्या, देवाक मागसून हाक मार! आधी बटण दाब!”

मी दाबलं. विंच घुमला. दोर ताठ झाला, जीप वीतभर पुढे आली, मग हातभर. काका सुटले. त्यांना ओढून काठावर घेतलं आणि मी पुन्हा बटण दाबलं. विंचने अख्खी जीप काठावर आणून ठेवली.

काकांचा पाय बांधून झाल्यावर मी बॉनेट उघडलं. काळी तार बॅटरीपासून वीतभर दूर लोंबत होती. टेप मीच गुंडाळलेली, तशीच घट्ट. काका लंगडत आले, तारेकडे बघितलं, आणि शिवेच्या दिशेला वळून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ताप अंगावर घेऊनच बाबा पार्शाला आले. त्यांनी बॅटरी किती भरलेली आहे ते दाखवणारा हायड्रोमीटर लावला. दुकानातून निघताना बॅटरीवर खडूने लिहिलेला आकडा आणि हा आकडा एकच. विंचने तिच्यातून काहीच घेतलं नव्हतं. पहिलीतून रिलेमार्गे वीज गेली म्हणावं, तर ती मेलेली होती, आणि रिलेची बारीक तार तेवढ्या ओढीला जळून गेली असती. ती नवीकोरी होती.

“गाऱ्हाणें घातिल्लें?” बाबांनी विचारलं.

“ना.”

ते रागावले नाहीत. जीप दोरीने ओढत शिवेवर आणली आणि म्हणाले, “आतां तूंच घाल.”

मला गाऱ्हाण्याचे शब्द येत नव्हते. कॉलेजची बस समोरून गेली, खिडकीतून कुणीतरी हाक मारली. मी नवा रोट ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने एवढंच म्हणालो, “मला लाज वाटली म्हणून मी थांबलो नाही.”

मग टेप सोडून तार जोडली. चट्कन ठिणगी उडाली... तार पहिल्यांदा टेकते तेव्हा उडते तशी.

आमच्या फिजिक्सच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी फळ्यावर सर्किट काढलं, काळ्या तारेच्या जागी मोकळी फट ठेवली, आणि बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले. मीही अजून बघतोच आहे.