सिस्टरआपाच्या नावाचा रकाना

प्रसूतीच्या खोलीत बाई ओरडायला लागली की बऱ्याच सिस्टर तिच्यावरच ओरडतात. मीही ओरडायची, खोटं कशाला बोलू? आपा मात्र आतल्या बाईला कधी उलटा शब्द बोलली नाही. तिच्या तोंडाचा सगळा पट्टा बाहेरच्यांसाठी राखीव असायचा. दार किलकिलं करून ती डोकं बाहेर काढायची आणि व्हरांड्यात तंबाखू मळत बसलेल्या नवऱ्याला म्हणायची, "हसून काय राहिला रे? ये आत, तूच झोप टेबलावर!" मग दार लावून वळायची आणि बाईच्या कपाळावरचा घाम पुसत अगदी वेगळ्याच आवाजात सांगायची, "टेम लागंल माय. लेकराला बी रस्ता नवा हाय."

आमचा दवाखाना म्हणजे हिंगोलीपासून तासाभरावरचं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे तिला कुणी सिस्टर म्हणायचं, कुणी आपा, आणि कधीतरी दोन्ही मिळून सिस्टरआपा झालं. एका नावात दोनदा बहीण. तांड्यावरच्या बाया दवाखान्यात यायला बुजायच्या, म्हणून त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना ती 'याडी' म्हणायला शिकली, म्हणजे आई. शिकली माझ्याकडूनच. मी तांड्यावरची, पण नोकरी लागल्यापासून दवाखान्यात घरची बोली बोलायचं मी सोडून दिलं होतं. आपा चारचौघांत मोठ्याने "याडी, बस" म्हणायची आणि मी खाली मान घालून बीपीचा पट्टा गुंडाळत राहायची.

ती बाईच्या पोटावर तळवा ठेवून नुसती बसून राहायची, नजर खिडकीबाहेर. नवीन माणसाला वाटायचं, हिला डुलकी लागली. मग एकदम म्हणायची, "चहाच्या आधी व्हतंय." आणि व्हायचं. पण ती "हिला हिंगोलीला न्या" म्हणाली, तर वाद न घालता अॅम्ब्युलन्सला फोन करायचा, हे शिपायालाही ठाऊक होतं. माझ्या सहा वर्षांत तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. तिच्या हाताखाली मी जे शिकले, ते कॉलेजात तीन वर्षं घोकूनही आलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र ती अगदी जुन्या वळणाची होती. प्रसूतीच्या रजिस्टरात एक रकाना असतो, 'प्रसूती कोणी केली'. आपा त्यात स्वतःचं नाव लिहायची नाही. डॉक्टर मीटिंगला गेलेले असोत, नाहीतर सुट्टीवर, ती वळणदार अक्षरात लिहायची, 'मा. वैद्यकीय अधिकारी'. नोकरीच्या पहिल्या दिवशी कुण्या डॉक्टरांनी तिला तसं सांगितलं होतं म्हणे. ते डॉक्टर कधीच बदलून गेले, पण आपाचा 'मा.' काही सुटला नाही. मी विचारलं तर म्हणायची, "दवाखाना सायबाचा, नाव बी सायबाचं. आपल्याला काय, लेकरू रडलं की झालं." पण मी एकदा तिचं पाहून तसंच लिहायला गेले, तर तिने माझा हातच धरला. "तू तुझं नाव लिव्ह. तू काहून त्यांचं लिवतीस?" मी हसून माझं नाव लिहिलं. तेव्हापासून लिहीतच गेले.

मग एका वर्षी नवे डॉक्टर आले. तरुण होते, मनाने चांगले, पण घाबरट. एका दुपारी त्यांनी एका पहिलटकरणीला हिंगोलीला पाठवायचं ठरवलं. आपा म्हणाली, "साहेब, अर्ध्या घंट्यात मोकळी व्हतीय ही. गाडीत घालू नका." डॉक्टर म्हणाले, जबाबदारी कुणाची, सिस्टर? आपा त्या बाईसोबत अॅम्ब्युलन्समध्ये बसली, आणि नरसीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिने ते बाळंतपण केलं. दोघी सुखरूप, मायही आणि लेकही. संध्याकाळी परत आली तेव्हा साडीच्या निऱ्या रक्ताने भिजून वाळल्या होत्या. हात धुता धुता म्हणाली, "मला बराबर दिसून राहिलं व्हतं. पन माझ्या दिसन्याला किंमत न्हाई."

त्याच महिन्यात ते परिपत्रक आलं. सुईणपणाचं वरचं शिक्षण, दीड वर्ष, छत्रपती संभाजीनगरला राहून. ते केलं की साधं बाळंतपण नर्सने स्वतःच्या अधिकारात करायचं, स्वतःच ठरवायचं, कागदावर स्वतःच सही करायची. गोळ्या वाटणं, लसी टोचणं, ड्रेसिंग, सगळं सुटणार आणि फक्त हेच एक काम उरणार. आमच्या दवाखान्यातून एकच नाव पाठवायचं होतं. वयाची अट होती आणि आपा तिच्या अगदी काठावर बसत होती. पुढच्या वर्षी बसली नसती.

चार दिवस तिने सगळ्यांना हसवलं. "या वयात दप्तर घेऊन साळंत जाऊ? नातवंडं हसतील." पाचव्या दिवशी नवा चष्मा करून आली आणि माझ्यापुढे वही ठेवली. "इंग्रजी शब्द लिवून दे. पन मोठे मोठे लिव्ह." तिचा शौहर शिलाईकाम करायचा. तो म्हणे तिला एवढंच म्हणाला की जा, मला स्वैपाक येतो. हे सांगताना ती नवऱ्या मुलीसारखी लाजली होती.

अर्जासोबत स्वतः केलेल्या बाळंतपणांची रजिस्टरातली नोंद जोडायची होती. आपाने ते काम विश्वासाने मला दिलं. मी पाच वर्षांची रजिस्टरं काढून बसले आणि पानामागून पान उलटत गेले. तिचं वळणदार अक्षर सगळीकडे होतं, पण तिचं नाव कुठेच नव्हतं. माझं होतं. ज्या बाळंतपणांत मी नुसती कात्री हातात देत होते, तिथे 'मा. वैद्यकीय अधिकारी', आणि जी तिने मला शेजारी उभी राहून करायला लावली, तिथे मी.

मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथले बाबू भले गृहस्थ. ते म्हणाले, "सगळ्यांना ठाऊक आहे हो आपा काय करतात ते. पण कागद लागतो. प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या नर्सने लिहून दिलं तर मी चालवून घेईन. तुम्हीच द्या की. तीन दिवसांत आणा, नाहीतर दुसरं नाव पाठवावं लागेल."

दुसरं नाव म्हणजे माझं. मी बसमध्ये बसले आणि हिशेबाला लागले. आपाचं इंग्रजी कच्चं, तिचे गुडघे दुखतात, तिची नोकरी किती उरली, माझ्यापुढे अख्खं आयुष्य आहे. यातलं एकही खोटं नव्हतं, म्हणून तर मला ते इतकं सोयीचं वाटलं. दवाखान्यात आल्यावर मी तिला सांगितलं, "आपा, रजिस्टरात तुमचं नाव नाही." पुढचं सांगितलं नाही. तीन दिवस मूग गिळून बसले. चौथ्या दिवशी माझं नाव गेलं.

आपा म्हणाली, "मंग तूच जा. कुनीतरी गेलं पायजे." हिंगोलीच्या स्टँडवर मला सोडायला आली आणि माझी पेटी नीट ठेवली नाही म्हणून कंडक्टरशी भांडली. मी खिडकीतून हात हलवला तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हिला कळलेलं नाही, बरं झालं.

मी शिकून आले. मोठ्या दवाखान्यात मला प्रसूतीचा कक्ष मिळाला. आता मी ठरवते आणि मीच सही करते, डॉक्टरही मला विचारतात. लोक माझ्या हाताचं कौतुक करतात तेव्हा मान वर होत नाही. मधल्या काळात आपाला प्रसूतीच्या खोलीतून काढून लसीकरणावर बसवलं होतं. वर्षभरात तिने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ती शिरड शहापूरला लेकीकडे राहायला गेली. मी जायला पाहिजे होतं. आज जाते, उद्या जाते, करत दोन वर्षं टाळलं.

गेल्या उन्हाळ्यात शेवटी गेले. ती अंगणात मिरच्या निवडत बसली होती. चहा झाला, माझ्या कामाची चौकशी झाली. मी थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबू काय म्हणाले, मी काय लपवलं, का लपवलं.

आपाचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "बाबूंनी त्याच दिवशी मला बी फोन केला व्हता."

"मग तुम्ही मागितलं काहून नाही? मी नाही म्हटलं नसतं आपा."

"तेच तर. मागितलं असतं तर तू दिलंच असतंस. म्हनून मागितलं न्हाई." तिने एक सडकी मिरची बाजूला टाकली. "तीन दिवस वाट पाह्यली बाई तुझी."

ती रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. त्या तीन दिवसांतली एकूण एक सकाळ मला आठवली. तिन्ही दिवस ड्युटीवर येताच ती माझ्या टेबलापाशी थांबली होती आणि म्हणाली होती, "काय गं, काय म्हंतीस?" आणि तिन्ही दिवस मी वर न बघता म्हटलं होतं, "काही नाही, आपा."