हाकेसाठी राखलेली जागा

कोरी भिंत दिसली की काहींना पिंक टाकावीशी वाटते, आणि शांतता सापडली की तोंड वाजवावंसं. मी जहाजावर रेडिओ ऑपरेटर होतो. बुडणाऱ्याची हाक ऐकू यावी म्हणून एक चॅनल सगळ्यांनी मोकळं ठेवायचं, एवढा साधा नियम. पण त्याच चॅनलवर अख्ख्या अरबी समुद्राचा तमाशा चाले. कोणी बोकडासारखं ओरडे, कोणी सिनेमाची गाणी लावी, आणि एक महाभाग तर असा ढेकर देई की आलेली लाट उलटी फिरावी! शिसारी यायची.

एका दुपारी त्या गदारोळाखालून बारीक आवाज आला, "होडीत पाणी शिरलंय..." पुढे सांगितलेलं ठिकाण त्या बोकडानं खाल्लं.

"गप्प बसा रे, माणसं बुडतायत!" मी ओरडलो.

उत्तर आलं, "बेंऽऽ!"

तो बारीक आवाज पुन्हा पुन्हा सांगत राहिला, तेव्हा कुठे ठिकाण कळलं आणि आम्ही माणसं वर घेतली. होडीचा म्हातारा तांडेल चहाचा कप धरून कुडकुडत होता. त्या टवाळांना मी शिव्या घालू लागलो, तर म्हणाला, "नाय साहेब, त्या गाण्यांनीच धीर दिला. म्हटलं, एवढी माणसं ऐकतायत, सगळीच धावत येतील."