तुरीतला चौकोन

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले, हे आधी कबूल करते. आमच्या घरी बुद्धवंदना होते, पण अंगारे, नवस, अंगात येणं... असल्या गोष्टी बाबांनी कधी दारातही उभ्या केल्या नाहीत. त्यात मी इंजिनिअरिंगची. एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

मी परभणीची. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही तिघं होतो — मी, फरहान आणि कैलास. फवारणीचा ड्रोन करायचा होता, पण असा की पिकात माणूस दिसला की फवारा बंद करून जागेवर थांबेल. कल्पना कैलासची. पोखर्णीच्या अलीकडे त्याचं गाव. औषध नाकातोंडात जाऊन चक्कर आलेली माणसं त्याने घरात पाहिलेली.

खरा ड्रोन आपटला तर वर्ष वाया, म्हणून सगळं आधी सिम्युलेशनमध्ये. कैलासच्या शेताचे वरून शेकडो फोटो काढले आणि त्यातून फरहानने कॉम्प्युटरवर तेच शेत हुबेहूब उभं केलं — बांध, बाभळ, तुरीच्या ओळी, सगळं. त्यावर आमचा आभासी ड्रोन उडायचा. माणूस ओळखला की पडद्यावर त्याच्याभोवती लाल चौकोन यायचा. इथे नीट चाललेला प्रोग्राम नंतर तसाच खऱ्या ड्रोनमध्ये टाकायचा.

कैलासच्या आईला — मावशींना — आम्ही हे शेतातच लॅपटॉपवर दाखवलं होतं. पदराला हात पुसत त्या वाकून बघायला लागल्या.

"अगं बाई, आमचंच रान हाय की हे! अन् मी कुठंय त्याच्यात?"

"माय, माणसं अजून टाकली न्हाईत त्याच्यात," कैलास म्हणाला. "नुसतं रान हाय."

"मग काय कामाचं ते," असं म्हणून त्यांनी आम्हाला भाकरी वाढली.

पंधरा-वीस दिवसांनी त्रास सुरू झाला. मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या आभासी शेतावर ड्रोन उडवला की बाभळीकडच्या सोळाव्या ओळीवर तो थांबायचा. लाल चौकोन. माणूस.

तिथे माणूस नव्हता हो! फाईल उघडून एकेक वस्तू तपासली. सावलीने फसत असेल म्हणून सूर्य हलवला. प्रोग्राम नव्याने शिकवला. बाकी सगळीकडे बरोबर, फक्त तिथे चौकोन. आणि आत नुसती माती. वरून पाहिलं तर उभा माणूस ठिपक्याएवढा दिसतो, त्याचा चौकोन छोटा येतो. हा लांबट होता.

"अरे, उधर कोई लेटा है क्या?" फरहान हसत म्हणाला होता. मीही हसले होते.

कैलास एका रविवारी प्रत्यक्ष जाऊन आला. तिथूनच फोन केला, "काईच न्हाई इथं. ढेकळं हाईत नुसती. कामून थांबायलंय काय म्हाईत."

कॉलेजमधला प्रोजेक्टचा रिव्ह्यू दोन दिवसांवर आला. कैलास गावी होता. मी वैतागून प्रोग्राममध्ये चार ओळी लिहिल्या — या ठिकाणी काहीही दिसलं तरी सोडून दे. ड्रोन सोळाव्या ओळीवरून सरळ निघून गेला. सरांनी पाठ थोपटली.

त्यानंतर महिन्याभराने, दुपारी एकच्या सुमारास कैलासचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"माय सकाळी शेतात गेली ती आलीच न्हाई. फोन घरीच हाय. आमी सगळे हुडकायलाव, पण तूर डोक्याच्या वर गेली, काई दिसंना. ड्रोन घेऊन येता का?"

तासाभरात आम्ही बाईकवर तिथे पोहोचलो. बांधावर गावातली पंधरा-वीस माणसं उभी होती. कैलासचे वडील, अण्णा, माझ्या हातातल्या रिमोटकडे असे बघत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. पडद्यावर उन्हाची तिरीप, नीट दिसत नव्हतं, भरवसा चौकोनावरच. सोळाव्या ओळीवरून ड्रोन गेला तेव्हा मला तो जुना चौकोन आठवला, खरंच आठवला. पडद्यावर काही आलं नाही. मला इतकं हायसं वाटलं... आपण उगीच घाबरलो म्हणून.

"मावशी शेतात नाहीत," मी सांगितलं.

माणसं पांगली. कुणी विहिरीकडे, कुणी रस्त्याला, कुणी पाहुण्यांकडे. कैलास एकेका नातेवाइकाला फोन लावत बसला. दोन-अडीच तासांनी शेजारच्या रानातली एक बाई गवताचा भारा घेऊन तुरीतून आडवी निघाली आणि तिने हंबरडा फोडला.

मावशी कुशीवर पडल्या होत्या. श्वास चालू होता. परभणीला नेईपर्यंत तोही थांबला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

खऱ्या ड्रोनमध्येही तशाच गेलेल्या त्या चार ओळी मला हॉस्पिटलच्या जिन्यात आठवल्या.

घरी येऊन ड्रोनचा व्हिडिओ पाहिला. सोळावी ओळ. हिरवं लुगडं स्पष्ट दिसतंय. डावा हात हलतोय... थोडासा. चौकोन नाही. सिम्युलेशनचा जुना स्क्रीनशॉट शेजारी ठेवला. तीच बाभळ, त्याच दोन ओळींमधली तीच जागा, तेवढीच लांबी.

मग मी त्या चार ओळी पुसून सिम्युलेशन पुन्हा चालवलं. तिथे काही नाही. जुने बॅकअप चालवले, ज्यांत आम्ही शंभरदा तो चौकोन पाहिला होता. काही नाही. ड्रोन कुठेच थांबला नाही. सरांना दाखवलं तर म्हणाले, "डेटामध्ये असा गोंधळ होतो कधी कधी." त्या चार ओळी फरहानला माहीत आहेत, कैलासला नाहीत. सहा आठवडे आधी त्या रिकाम्या मातीत कॉम्प्युटरला कोण दिसलं, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

कैलासने कॉलेज सोडलं. तो अण्णांसोबत शेत बघतो. परवा त्याचा फोन आला होता.

"तुमी तरी धावून आलाव," तो म्हणाला. "तुमचे उपकार लय हाईत." मग म्हणाला, "त्या दिवशीचा व्हिडिओ पाठव ना. तूर काढली आता. मायनं निंदलेलं रान तेवढ्यातच उरलंय."

मी म्हटलं, डिलीट झाला.