हरणटोळ दिसला तेव्हा

बर्माला जायच्या आधी, त्रेचाळीसच्या हिवाळ्यात, आमची कंपनी कोयनेकाठच्या जंगलात ट्रेनिंगला होती. पाचला फॉलिनची हजेरी, सहाला पीटी, आठला जंगल. मी कडेगावचा, हुद्दा नाईक, ब्रेनगन, म्हणजे हलकी मशीनगन, माझ्याकडं. जीभ तेव्हा फार सैल होती माझी, हे आधीच सांगतो.

सेक्शनमध्ये शिराळ्याचा सिपाही ज्ञानू होता. जिता नाग हातात धरणारा गडी, पण झाडावरच्या बारीक सापांना भ्यायचा. हवालदारानं ते ओळखायला शिकवले होते: तपकिरी रुखई, रात्री फिरणारा मांजऱ्या आणि वेलीसारखा पोपटी हरणटोळ. यातल्या एकानंही माणूस मरत नाही, म्हणाला. ज्ञानूला पटलं नाही. आमच्याकडं म्हणतात, हरणटोळ फांदीवरून झेपावून टाळू फोडतो.

लाइव्ह फायरिंगच्या आदल्या दुपारी जेवताना मी त्याला डिवचलं.

"गड्या, उद्या करवंदीखालनं रांगायचं हाय. तितं टोळ लय. दिसला की टाळू झाक."

"चेष्टा करताय न्हवं, नाईक?"

"चेष्टा कशापाई? फुटल्याली टाळू म्या बगितलीया."

साफ खोटं होतं. सगळे हसले. ज्ञानू अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशीचा नियम साधा होता. ब्रेनच्या गोळ्या जमिनीपासून तीन फुटांवरून जाणार, जवानांनी त्यांच्या खालून रांगायचं. डोकं वर काढायचं नाही. साडेनऊला शिट्टी झाली, मी फायर सुरू केला. दहा मिनिटांनी ज्ञानू करवंदीपाशी पोचला आणि थांबला.

"ज्ञानू, पुढं सरक!" हवालदार ओरडला.

तो गुडघ्यांवर उठला. दोन्ही हात डोक्यावर.

"सीज फायर!"

ट्रिगरवरून बोट काढायला मला उशीर झाला.

हरणटोळ तिथंच होता, ज्ञानूच्या समोरच्या फांदीवर. हललाही नव्हता.

इन्क्वायरीत अपघात लिहिला गेला. आदल्या दिवसाचं बोलणं कुणी काढलं नाही. मीही नाही.

रजेत शिराळ्याला गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. ज्ञानूला साप दिसला आणि तो उठला, इथवर सांगितलं. ती मधेच म्हणाली, "त्ये भ्या म्याच घातलं रं त्याला. ल्हानपनी लय झाडावर चढायचा. म्हनायची, टोळ टाळू फोडंल. म्याच मारलं लेकराला."

"आवं मावशी, तसं न्हाई," एवढंच मी बोललो. तिनं भाकरी वाढली, ती खाल्ली आणि निघालो. त्या भाकरीची लाज अजून वाटते.

पुढं चार-पाच वर्षांनी ती गेली, तोच समज मनात घेऊन.

सिपाही ज्ञानू, गाव शिराळा, वय बावीस. रोल कॉलला 'हजर' जरा हळूच म्हणायचा. गड्या, त्या दिवशी गुडघ्यांवर तुला मी उठवलं. तुझ्या आईनं नाही.